आवाज आहे, चित्र नाही

त्रिफोन शिडीवर उभा होता आणि झ्लात्का खालून त्याला बजावत होती, की ही चादर माझ्या आईच्या हातची आहे, तिला एक जरी खिळा लागला तर आज तुझ्या नावाचा दिवस आहे हेसुद्धा मी बघणार नाही. त्रिफोनच्या तोंडात खिळे होते, त्यामुळे त्याला नवरेपणाचं काही उत्तर देता आलं नाही. शेवटी चादर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी खिडकीच्या दांडीला लटकवण्यात आली, आणि तिला ताण यावा म्हणून खालच्या टोकांना लोणच्याच्या दोन बरण्या बांधल्या गेल्या.

डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या लोम गावातलं थिएटर बंद पडेपर्यंत तिथला प्रोजेक्टर त्रिफोनच चालवायचा. मग तो सांस्कृतिक केंद्रातला लहान प्रोजेक्टर चालवू लागला, आणि केंद्राने नवा घेतला तेव्हा जुना काखोटीला मारून घरी घेऊन आला. स्पीकर मात्र थिएटरचेच होते, कपाटाएवढे दोन. एक दिवाणखान्यात असायचा आणि दुसऱ्यावर झ्लात्का इस्त्री करायची. आज दोन्ही चादरीच्या दोन बाजूंना उभे होते.

सकाळीच त्याने अंगणातून आपल्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीपर्यंत चढलेली द्राक्षवेल छाटली होती, बुंध्याशी थोडी वाइन ओतली होती आणि वेलीला पुरे झाली असं ठरवून उरलेली स्वतः प्यायला होता. वेली छाटायचा हा दिवस संत त्रिफोनचा, आणि त्याचं नाव ठेवलेल्या माणसाने या आपल्या नावाच्या दिवशी एवढं करायचंच असतं. संध्याकाळी त्याच्याकडे लोक येणार हेही ठरलेलंच. नावाच्या दिवसाला आमच्याकडे कुणाला बोलवत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला परत पाठवता येत नाही. म्हणून कुणालाही न बोलवण्याचं काम त्रिफोनने गेला आठवडाभर फार मेहनतीने केलं होतं.

“शुक्रवारी आमची रालित्सा पडद्यावर येतेय,” पावाच्या दुकानात तो म्हणायचा. “मोठ्या पडद्यावर. आमच्याच घरी. मी बोलवत नाहीये हं.”

न्हाव्याला त्याने बोलावलं नाही, पोस्टातल्या बाईला बोलावलं नाही, आणि आपल्या इमारतीच्या जिन्यातल्या तर एकेका दारात थांबून बोलावलं नाही.

यामागे एक दुखणं होतं. तीन वर्षांपूर्वी रालित्साने औषधशास्त्राचं कॉलेज सोडून नाट्यविद्यालयात नाव घातलं, तेव्हा भरल्या ताटावर त्रिफोन म्हणाला होता, “पडद्यावर कोणाचा चेहरा चालतो हे मला कळतं. तुझा चेहरा पडद्याचा नाही.” पोरगी त्याच रात्रीच्या बसने राजधानीला, सोफियाला गेली. नंतर ती फोन करायची, पण आईला. बापाशी बोलणं म्हणजे “हवा कशी आहे” आणि “बरी आहे”. शब्द परत घ्यावेत असं त्रिफोनला दुसऱ्याच दिवशी वाटलं होतं. पण ते घेतात कसे हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग गेल्या महिन्यात तिच्याकडून एक छोटा काळा डबा आला. सोबत चिठ्ठी होती: हा टीव्हीला जोडायचा, त्यात पोलिसी मालिका आहे, तिसऱ्या भागात मी आहे. डबा तिच्याच नावावर होता. फोनवर ती म्हणाली, “बाबा, गाजावाजा करू नका. अगदी लहान काम आहे.” फोन ठेवल्यावर त्रिफोनने झ्लात्काला समजावून सांगितलं, की खरे मोठे कलाकार असंच बोलतात. आणि त्याने मनाशी ठरवलं, की तिचा चेहरा सगळ्या जिन्याला दाखवायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, मी चुकलो.

दुपारी त्याने डबा प्रोजेक्टरला जोडून पाहिला. चादरीवर मालिकांची यादी झकास उमटली, अक्षरं तर दुधासारखी. झ्लात्का म्हणाली, “पुढचंही बघून घे जरा.” त्रिफोन दुखावला. पहिला खेळ प्रेक्षकांचा असतो, चालवणारा आधी चोरून बघत नाही, हे थिएटरवाल्याच्या बायकोला सांगावं लागतं म्हणजे कमाल झाली.

अंधार पडता पडता माणसं येऊ लागली. तळमजल्यावरची पेनामावशी आली ती सोफ्याचा मधला भाग पकडून बसली. चौथ्या मजल्यावरची बिल्याना आली. ती शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे जिन्यातला बल्ब गेला तरी लोक तिलाच विचारतात. पहिल्या मजल्यावरचा एफ्तिम आला, आणि त्याच्यामागे न्हावी, पोस्टातली बाई, आणखी बरेच न बोलावलेले. प्रत्येकाच्या हातात बाटली. दिवाणखाना भरला तेव्हा उरलेले स्वयंपाकघरात बसले, आणि झ्लात्काची कोबीच्या पानात गुंडाळलेल्या भाताची पातेली हातोहात फिरू लागली.

त्रिफोनने नवा शर्ट घातला होता. त्याने दिवे मालवले, घसा खाकरला आणि बटण दाबलं.

दोन्ही स्पीकरमधून असं संगीत सुटलं की कपाटातले ग्लास किणकिणले. चादर काळी झाली. लोक वाट बघू लागले. संगीत संपलं, पावलं वाजली, एक दार करकरलं, कोणीतरी पुरुष बोलू लागला, तरी चादर काळीच.

“हल्लीच्या मालिका अशाच असतात,” पेनामावशी जाणकारासारखी म्हणाली. “सगळ्या अंधारात.”

तेवढ्यात चादरीच्या मधोमध पांढरी अक्षरं उमटली: “हा पडदा संरक्षित चित्रासाठी योग्य नाही.”

“चादर इस्त्री केलेली आहे,” झ्लात्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

त्रिफोनने तार काढून पुन्हा लावली. मग दुसरी तार लावली. डबा बंद करून चालू केला, प्रोजेक्टर बंद करून चालू केला, शेवटी त्यावर हलकेच एक चापटही मारली, जी थिएटरच्या यंत्राला नेहमी लागू पडायची. यादी आली की स्वच्छ दिसायची, भाग सुरू केला की काळं. लोक माना खाली घालून खात होते, कारण यजमानाची फजिती टक लावून बघणं बरं दिसत नाही.

शेवटी बिल्याना उठली. तिने अक्षरं वाचली, प्रोजेक्टरचा मागचा भाग वाचला आणि उसासा टाकला.

“त्रिफोनभाऊ, बिघडलेलं काही नाही. चित्र पाठवण्याआधी डबा प्रोजेक्टरला खूण विचारतो. नव्या यंत्रांना ती शिकवलेली असते. तुमचा हा त्याच्या आधीचा आहे. हा गप्प बसतो. मग डब्याला वाटतं, मध्ये कोणीतरी बसून चित्र चोरतंय, कॉपी करतंय. म्हणून तो चित्र देत नाही.”

“आणि आवाज?”

“आवाज तुम्ही वेगळ्या तारेने स्पीकरला नेलाय. त्याला कोणी विचारत नाही.”

 “म्हणजे हा डबा,” त्रिफोन सावकाश म्हणाला, “माझ्या घरात, माझ्या नावाच्या दिवशी, मला चोर म्हणतोय?”

 कोणी ग्लासात बघितलं, कोणी ताटात. न्हाव्याला एकाएकी खोकला आला. कारण नव्वदच्या दशकात याच घराच्या न्हाणीघरात दोन व्हिडिओ यंत्रं शेजारीशेजारी ठेवून त्रिफोन कॅसेटी उतरवायचा, आणि अर्धं लोम त्या बघायचं. भाषांतर एफ्तिमचं. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं, पण धीर भरपूर होता. नायक, नायिका, खलनायक आणि कुत्रीसुद्धा एफ्तिमच्या एकट्या नाकातून बोलायची. पुढे लोकांनी तेच सिनेमे नीट भाषांतरात पाहिले तेव्हा त्यांची निराशा झाली. एफ्तिमची गोष्ट जास्त चांगली होती.

“उशीर लागला,” एफ्तिम म्हणाला, “पण ओळखलं बरोबर तुला.”

हसू फुटलं ते आवरेना. त्रिफोनचे कान लाल झाले, पण तो माघार घेणाऱ्यातला नव्हता. त्रिफोनच्या घरात टीव्ही नव्हताच; एफ्तिमचा मोठा होता, तो वर आणायचं ठरलं. चार जण खाली गेले. जिन्याच्या वळणावर टीव्ही अडकला, तिथे थांबून त्यांनी एकेक घोट घेतला, टीव्ही सुटला, वर आला, जोडला. त्याच्यावरही तेच वाक्य उमटलं, फक्त जास्त ठळक. एफ्तिमने तो थिएटर बंद पडलं त्या वर्षी घेतला होता आणि अजून त्याला नवाच म्हणायचा.

बिल्याना म्हणाली, चित्राचा दर्जा उतरवून बघू, साधं असेल तर कदाचित सोडेल. त्रिफोन लगेच तयार झाला. पुसट चालेल, फाटकं चालेल, पोरगी ओळखू आली म्हणजे झालं. पण डब्याने कळवलं, की ही मालिका उच्च दर्जातच दाखवली जाते. कोणाच्या फोनवर बघावं, तर त्यासाठी रालित्साच्या फोनवर येणारा आकडा हवा, आणि रालित्साचा फोन दुपारपासून बंद होता.

मग त्रिफोनने डब्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात त्याला तार काढून पुन्हा लावायला सांगितलं. मग मागच्या गलक्याचा कानोसा घेऊन तिने विचारलं, की तिथे किती माणसं बघतायत, कारण हे घरच्यांपुरतंच असतं.

“घरचेच आहेत सगळे,” त्रिफोन म्हणाला.

“काका, मला तिथे बँड ऐकू येतोय.”

“तो न्हावी आहे. ॲकॉर्डियन वाजवतोय.”

न्हावी घरचा कसा, असं मुलीने विचारलं. नावाच्या दिवशी जो दार ओलांडतो तो घरचा, असं त्रिफोनने सांगितलं. त्यावर तिने आपल्या वरिष्ठांना विचारते म्हणून जे संगीत लावून दिलं, ते बराच वेळ वाजत राहिलं. न्हाव्याने ते उचललं आणि साथ धरली.

त्रिफोन शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. हातातला फोन वाजत होता आणि तो चादरीकडे बघत होता. झ्लात्का त्याच्याजवळ आली तेव्हा तो फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, “मीच म्हणालो होतो ना, तिचा चेहरा पडद्यावर यायचा नाही. बघ, येत नाहीये.”

झ्लात्काला नवऱ्याचा राग बऱ्याच गोष्टींसाठी होता, पण आता तिला त्याची इतकी दया आली की तिने त्याच्या हातात भरलेला ग्लास दिला आणि लोणच्याची बरणी अकारण सरळ केली.

तोड पेनामावशीने काढली. “चित्र नसेना का. आम्ही रेडिओवर नाटकं ऐकून रडलोय. आवाज आहे ना? लावा. आणि दिसतंय काय ते एफ्तिम सांगेल.”

“त्याला तरी कुठे दिसतंय?” बिल्याना म्हणाली.

“आधी तरी कुठे कळत होतं?” पेनामावशी म्हणाली.

एफ्तिमने नाही नाही म्हणत खुर्ची पुढे ओढली. भाग पहिल्यापासून सुरू झाला. पावलं वाजली, दार करकरलं, आणि एफ्तिमच्या नाकातून तो जुना आवाज निघाला. अर्ध्या खोलीच्या अंगावर काटा आला, तरुणपण परत आल्यासारखा.

“रात्र आहे,” एफ्तिम म्हणाला. “शवागार. इन्स्पेक्टर येतोय. त्याला मिशी आहे.”

“पंचविशीतली मुलगी,” स्पीकरमधला डॉक्टर म्हणाला. “विषबाधा. कोण आहे ते कळलेलं नाही.”

“टेबलावर प्रेत आहे,” एफ्तिमने सांगितलं.

“प्रेताचं सोड,” त्रिफोन म्हणाला. “रालि कधी येते तिकडे लक्ष दे.”

डॉक्टर आणि इन्स्पेक्टर प्रेताबद्दल बराच वेळ बोलले. त्रिफोन चुळबुळत राहिला. मग टाचांचे बूट वाजले आणि एक बाई बोलू लागली, खालच्या पट्टीत, थोडी घोगरी.

“तीच,” त्रिफोन उभा राहिला. “तीच आहे. लहानपणी घसा बसला की असाच आवाज यायचा.”

झ्लात्का म्हणाली, मला नाही वाटत. तिला सांगण्यात आलं, की हा माइकचा गुण आहे. एफ्तिमने लगेच बाईला लाल झगा घातला, खिडकीशी उभं केलं आणि खिडकीबाहेर डॅन्यूब सोडली. आता तो थांबेना. बाई इन्स्पेक्टरला टाकून बोलली की खोली माना डोलवायची, बाई हसली की एफ्तिम तिच्या मोत्यांच्या माळेचं वर्णन करायचा. एका ठिकाणी टापांचा आवाज आला तेव्हा त्याने तिला घोड्यावरही बसवलं. बिल्यानाने तो कपात फिरणारा चमचा असल्याचं सांगून पाहिलं, पण घोडा सगळ्यांना आवडला होता. पोस्टातली बाई स्वयंपाकघरातून म्हणाली, एवढं मोठं काम आहे आणि पोरगी म्हणते लहान. पेनामावशीने त्या आवाजाच्या नावाने ग्लास उचलला. सगळ्यांनी उचलले.

आणि मग संगीत बंद झालं. स्पीकरमधून नुसता श्वास ऐकू आला. बाई अगदी हळू म्हणाली, “माझ्या बापाने मला कधी नीट पाहिलंच नाही. पाहिलं असतं, तर मी अशी झाले नसते.”

एफ्तिम पुढचं वर्णन करायला विसरला.

त्रिफोनने बटण दाबलं. डबा गप्प झाला. अंधारात तो म्हणाला, “ऐका. मी तिला म्हणालो होतो, तुझा चेहरा पडद्याचा नाही. ह्या टेबलावर म्हणालो होतो. मला सिनेमातलं कळतं असा माझा समज होता. मी चुकलो. हे मला तिच्या चेहऱ्यासमोर म्हणायचं होतं, पण आता चादरीसमोरच म्हणतो.”

 पेनामावशी उघड रडत होती. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

झ्लात्काने दार उघडलं तर रालित्सा उभी. नाक थंडीने लाल, खांद्याला पिशवी, हातात बाटली, फोनची बॅटरी वाटेतच संपलेली. “मला कोणी बोलावलं नव्हतं,” ती म्हणाली, “म्हणून आले.”

पुढची काही मिनिटं तिला श्वास घेऊ दिला गेला नाही. टाळ्या, पापे, पाठीवर थापा. त्रिफोनने तिला असं कवटाळलं की बाटली दोघांच्या मध्ये अडकली. तो तिच्या कानात काय म्हणाला ते कोणाला ऐकू गेलं नाही. तिने डोळे पुसले, मग एकदम सावध झाली.

“बाबा, तुम्ही बघितलं?”

“ऐकलं,” त्रिफोन म्हणाला. “चित्र देत नाही मेला डबा. पण आवाज काय लावलायस.”

“आणि घोडा,” पेनामावशी म्हणाली.

रालित्साने काळ्या चादरीकडे पाहिलं, दोन स्पीकरांकडे पाहिलं, एफ्तिमच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि ही जिन्यातलीच मुलगी असल्यामुळे काय झालं असेल ते तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, बाबा, माझं काम तसं... पण तिचं कोणी ऐकेना. सगळे एकसुरात म्हणत होते, की डब्याला दाखवायचं नसेल तर तूच दाखव, इथेच, आत्ता. त्रिफोन तर आशेने इतका उजळला होता की त्याच्याकडे बघवेना.

तिने एकदा आईकडे पाहिलं. मग बाटली ठेवली, कोट काढला, पेनामावशीला सोफ्यावरून उठवलं आणि आडवी झाली. हात शरीराशेजारी ठेवले. डोळे मिटले.

 सगळे पहिल्या वाक्याची वाट बघू लागले. वाक्य येईना. कोणाचा तरी चमचा ताटात वाजला आणि थांबला.

“झोपली?” एफ्तिमने कुजबुजत विचारलं.

“मेलीय,” बिल्याना तितक्याच हळू म्हणाली. “पंचविशीतली मुलगी. विषबाधा.”

ती बातमी कोणी न सांगता खोलीभर फिरली. कोणाला त्रिफोनकडे बघायचा धीर होईना. त्रिफोन दोन पावलं पुढे आला. सोफ्याजवळ गुडघ्यावर बसला आणि पोरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. कपाळ, पापण्या, हनुवटीवरचा लहानपणी पडल्याचा व्रण. इतका वेळ त्याने तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं, आणि हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं. 

“चाळीस वर्षं,” तो अखेर म्हणाला, “मी पडद्यावर मेलेली माणसं बघतोय. एकेक सिनेमा पन्नास पन्नास वेळा. राजे मेलेले बघितले, सेनापती बघितले. सगळ्यांच्या पापण्या हलतात. नीट बघितलं की हलतात.” त्याने वळून सगळ्यांकडे पाहिलं. “हिची पापणी हलली नाही.”

टाळ्या अशा वाजल्या की एक बरणी चादरीसकट खाली आली. झ्लात्काने तिच्याकडे बघितलंही नाही.

“मग ती लाल झग्यातली कोण?” गलबला ओसरल्यावर एफ्तिमने विचारलं.

“जिने मला मारलं ती,” रालित्सा डोळे न उघडता म्हणाली.

पेनामावशीने ग्लास खाली ठेवला. आपण खुनी बाईच्या नावाने प्यायलो, हे तिला बिलकूल पटलं नाही, आणि दोष तिने एफ्तिमला दिला.

“बाबा, उठू का आता?”

“थांब,” त्रिफोन म्हणाला. “स्वयंपाकघरातल्यांना दिसलं नाही.”

त्याने दिवाणखान्यातल्या सगळ्यांना उठवून बाहेर काढलं. मग त्याने प्रोजेक्टर उचलला, सोफ्याच्या दिशेने फिरवला आणि डब्यावर मालिकांची यादी लावली. यादी दाखवायला डब्याची हरकत नव्हतीच. पांढरा उजेड थेट रालित्साच्या चेहऱ्यावर पडला. त्रिफोनने भिंग थोडं फिरवून उजेड नेमका केला, दिवे मालवले आणि स्वयंपाकघराचं दार उघडून दुसऱ्या खेळाचे प्रेक्षक आत घेतले.

पापणी याही वेळी हलली नाही. ओठांच्या कोपऱ्यात मात्र थोडं हसू होतं. पोस्टातल्या बाईने ते दाखवून दिलं, तेव्हा मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढं चालतं, असं त्रिफोनने तिला ठणकावून सांगितलं.